सरकारी सूर

माझे बाबा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हमाल होते. पोती वाहून वाहून त्यांच्या उजव्या खांद्याला घट्टा पडला होता. लहानपणी त्या खांद्यावर डोकं ठेवलं की पाटावर ठेवल्यासारखं वाटायचं. मिल बंद असली की आमचं घरही बंद असल्यासारखंच. आई बिड्या वळायची. तेंदूच्या पानांचा वास आमच्या वह्यांना, अंथरुणाला, भाताला, सगळ्याला होता. आणि भात म्हणजे कनकी. अख्खा तांदूळ मिलमधून दुसऱ्यांच्या घरी जायचा, त्याचे तुकडे आमच्याकडे यायचे. शाळेत एकदा बाईंनी विचारलं, तांदळाचा दाणा केवढा असतो? मी बोटाच्या पेरावर तिळाएवढा दाखवला तर वर्ग हसला. मला खरंच तेवढाच ठाऊक होता.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे कळावं म्हणून सांगते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एक गोष्ट पक्की होती, की पोरं शिकतील. रॉक बँडमध्ये वाजवतील हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. ते भाऊंमुळे झालं.

भाऊ म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. अर्धा बाजार त्यांना भाऊच म्हणायचा. तुमसर रोड स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळल्या की तिथं यायच्या. भाऊ त्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायचे, वॉर्निश लावायचे, आणि मोटर सांगितलेल्या दिवशी कधीही द्यायचे नाहीत. कारण दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा बँड होता. गिऱ्हाईक पुढून ओरडायचं, "भाऊ, माही मोटर?" मागून उत्तर यायचं, "सुरात आली की सांगतो!" गिऱ्हाइकाला वाटायचं मोटरीबद्दल बोलून राहिले. भाऊ गिटारीबद्दल बोलत असायचे.

बँडचं नाव 'धोका'. हे नाव त्यांनी डीपीवरच्या पाटीवरून घेतलं होतं. डीपी म्हणजे गावाच्या कडेला खांबांवर बसवलेला तो विजेचा डबा, जो दिवसभर घूँ घूँ करत असतो आणि ज्याच्याखाली लाल कवटी काढलेली असते. तीच कवटी भाऊंनी बँडच्या टी-शर्टांवर छापून घेतली. त्याचा परिणाम असा झाला, की एका गावात बँड सामान घेऊन उतरला तर एक म्हातारबा धावत आले. "साहेब, लाईन कधी येईन?" भाऊ अजिबात न गडबडता म्हणाले, "गाने झाल्यावर."

नावाचा दुसरा घोळ सरहद्दीकडे व्हायचा. बपेऱ्याला कार्यक्रम असला की नदीपलीकडून मध्य प्रदेशातली पोरं यायची. त्यांच्या हिंदीत धोका म्हणजे प्रेमात दिलेला दगा. ती पुढं बसून ओरडायची, "भैया, वो बेवफाई वाला सुनाओ!" भाऊ माईकवर जाऊन गंभीरपणे सांगायचे, "बिजली से बडी बेवफा कौन है भाई?" आणि लगेच गिटार खणखणवायचे. पोरं टाळ्या पिटायची. कुणाला काय समजलं, कोण जाणे.

पण त्या डीपीवर त्यांचा जीव नुसत्या पाटीपुरता नव्हता. कुठल्याही गावात गेलं की भाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला: "डीपी कुठी हाय?" स्टेज कुठंय, जेवण कुठंय, हे नंतर. गिटार खांद्याला लावून ते डीपीच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे, डोळे मिटायचे, आणि त्या घूँ घूँ आवाजाला तारा जुळवायचे. गावातली पोट्टी भोवती गोळा व्हायची. एखादी बाई घागर घेऊन थांबायची.

"काय करून राहिला हा माणूस?"

"डीपीले गाना आयकवून राहिला वाटते."

भाऊ डोळे न उघडता म्हणायचे, "आयकवून नाही राहिलो मावशी, आयकून राहिलो."

त्यांचं म्हणणं असं, की सूर जुळवायची यंत्रं मिळतात, पेट्या मिळतात, पण त्या खासगी. कंपनी बदलली की भरवसा नाही. डीपी मात्र भंडाऱ्यात, वरठीत, बपेऱ्यात, कुठंही जा, एकाच सुरात घुमते. "सूर सरकारी पाहिजे," ते म्हणायचे. "कोनाच्या बापाचा नाही, सगळ्यायचा." लोडशेडिंग असलं की आमचा बँड हळूहळू बेसूर व्हायचा. त्याची भाऊंना लाजबीज वाटायची नाही. "सरकारनं सूर वापस घेतला," एवढंच.

जिल्ह्याची फाळणी त्यांनी फार मनाला लावून घेतली होती. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा लोकांना कचेऱ्यांची, दाखल्यांची काळजी. भाऊंचं दुःख वेगळंच: "आपले अर्धे श्रोते तिकडं गेले ना बे!" त्या वेळी त्यांच्याकडे एकही श्रोता नव्हता, बँडही नव्हता, पण तरी अर्धे गेले. पुढं पहिला अल्बम काढला तेव्हा त्याचं नाव ठेवलं 'अर्धा जिल्हा'. तो दुकानाच्या मागच्या खोलीत, स्वतः बांधलेल्या अँप्लिफायरवर, एका दमात रेकॉर्ड झाला. त्यात गिटार अशी करकरायची की लोखंडी पत्रा ओढत नेल्यासारखं वाटावं. भाऊ हिंदीत ओरडायचे, आणि सगळ्या गाण्यांच्या खाली ती घूँ घूँ सुरूच. मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळायचं त्या दिवसांत वरठीच्या कारखान्यातली पोरं हा अल्बम फटफटीवरून शिफ्टला जाताना ऐकायची. गाडीच्या आवाजात तोच एक ऐकू येतो, म्हणायची. भाऊंना हे कौतुक वाटायचं.

मग एका मंडईत गोष्ट बदलली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, जिलेबी, पाहुण्यांनी भरलेली घरं, आणि दुपारी चौकात दंडार नाहीतर कसला तरी खेळ. तशा एका मंडईत 'धोका' ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून वाजवत होता. पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती, नातवाला मांडीवर घेऊन, शेवटपर्यंत न उठता. भाऊंना वाटलं, जिंकलो. खाली उतरून ते मुद्दाम तिच्याकडे गेले. "कसं वाटलं आजी?"

आजीनं त्यांचा हात धरला आणि अगदी काळजीनं विचारलं, "बापू, तू एवढा कोनाले रागावून राहिला होतास?"

ड्रमर राजू सांगतो, की परत येताना ते टेम्पोत गिटार उलटी धरून बसले होते. मोहाडीजवळ म्हणाले, "तिले एक शब्द समजला नाही बे. माहाच माणूस, माह्याच जिल्ह्याचा. तिकडल्या अर्ध्याले नाही समजला तर ठीक, ह्या अर्ध्याले तरी समजला पाहिजे होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं: नवा अल्बम काढायचा आणि आवाज बदलायचा. करकर बंद. गाणी आपल्या बोलीत. एखाद्या गाण्यात बासरी. आणि एक कीबोर्ड पाहिजे. वेळ फार नव्हता. राजूला गुजरातेतल्या कारखान्यात काम लागलं होतं, उन्हाळ्यात जायचं होतं. बास वाजवणारा गुड्डू पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत होता आणि या वेळी त्याची उंची, छाती, सगळं बसत होतं. हे दोघं गेले की बँड संपला, हे भाऊंना ठाऊक होतं. त्याच्या आधी एकदा तरी, आपलं म्हणणं आपल्या माणसांना समजेल असं गाऊन ठेवायचं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं.

कीबोर्डसाठी त्यांना मी सापडले. आमच्या विहारात पेटी होती आणि ती मला वाजवता यायची. भाऊ सरळ घरी आले. आई सुपात पानं घेऊन बिड्या वळत होती.

"वहिनी, पोरगी बँडमध्ये पाहिजे."

"लग्नातल्या बँडमध्ये?" आईचा हात थांबला नाही.

"नाही वो. रॉक बँड."

"त्यात नवरदेव नसते काय?"

"नसते."

"वरात?"

"ते बी नसते."

"मंग लोकं नाचते कायले?"

भाऊ विचारात पडले. "नाचत नाही वहिनी. उभे राहते आणि पाहते."

"अवो माय," आई म्हणाली. बाबा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "परीक्षेचं काय?"

"दादा, परीक्षेच्या महिन्यात मी गिटारीले हात लावला तर माह्या दुकानाची लाईन कापून टाका."

बाबांनी मान हलवली. आईनं माझ्याकडे पाहून म्हटलं, "जाय. पण ते कवटीचं झंपर घालू नको." मी बँडमध्ये असेपर्यंत साध्या कुर्त्यातच वाजवलं.

पहिल्याच दिवशी अडचण आली. भाऊंनी नवाकोरा कीबोर्ड आणला होता. मी सूर दिला आणि सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. गिटार एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे. भाऊंनी कीबोर्ड उचलला, वायर ओढत दुकानाबाहेरच्या डीपीपाशी नेला आणि मला म्हणाले, "वाजव बाई." मी पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबली. डीपीच्या सुराच्या खाली पडली. त्याच्या शेजारची काळी चार दाबली. डीपीच्या वर गेली. भाऊंचा चेहरा असा झाला, की जणू चोर सापडला.

"मधात हाय! सूर मधात हाय, आणि कंपनीनं मधातलं बटनच नाही देल्लं!"

ते तसेच कीबोर्ड काखेत मारून दुकानात गेले. मी मागे. दुकानदार बिचारा समजावत होता, "भाऊ, पट्ट्या पूर्ण हायेत, मोजून घ्या." भाऊ ऐकेनात. "मोजून काय करू? जो पाहिजे तोच नाही ना!"

कीबोर्डसोबत इंग्रजी पुस्तिका आली होती. ती दुकानदारानं उघडली नव्हती, भाऊंनी तर नाहीच. मी ती घरी नेली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजीचा पेपर काठावर सुटायचा. शब्दकोश घेऊन बसले आणि वाचत गेले. त्यात एका पानावर लिहिलं होतं, की दोन बटणं एकदम दाबून ठेवली तर सगळे सूर थोडेथोडे वर किंवा खाली सरकतात. दुसऱ्या दिवशी डीपीखाली उभं राहून मी ते करून दाखवलं. पांढरी पाच सरकत सरकत बरोब्बर त्या घूँ घूँवर जाऊन बसली. भाऊंनी कीबोर्डला नमस्कार केला, मला नाही. पण संध्याकाळी सगळ्या बाजाराला सांगत फिरले, "पोरीनं इंग्रजी वाचून सूर काहाडला." मला आजवर मिळालेल्या कौतुकात हे मी वरच्या जागी ठेवते.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही नागपूरला गेलो. एका स्टुडिओत एका दिवसाची वेळ मिळाली होती. पुढच्याच आठवड्यात राजूची गाडी होती. स्टुडिओ म्हणजे गाद्यांनी मढवलेली खोली. दार लावलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. भाऊ अस्वस्थ. "इथं तर काहीच आयकू येत नाही बे. जीव घाबरते." राजूनं काडी टाकली, "कबरीत असंच असते म्हणते भाऊ."

तिथले रेकॉर्डिंग करणारे दादा भले माणूस होते. त्यांनी आमचं वाजवणं ऐकलं, एक छोटं यंत्र गिटारीला लावलं आणि विचारलं, "तुम्ही सगळे मिळून वर का वाजवता?"

"वर नाही. सरकारी वाजवतो," भाऊ म्हणाले.

मग बासरीवाले आले. बासरी भाऊंनीच मागितली होती, नव्या आवाजासाठी. त्यांनी पिशवीतून एकेक बासरी काढून फुंकून पाहिली. एकही जुळेना. ते हसून म्हणाले, "बांबू आहे भाऊ. याला बटण नसतं. तुम्हीच थोडे खाली या."

"जिल्हाभर आमी असंच वाजवतो."

दादा समजुतीनं बोलले, "काका, सगळी वाद्यं या सुरात असतात. तुम्ही खाली आलात तर अर्ध्या तासात सुरू करू. नाही आलात तर बासरी विसरा. आणि उद्या कोणी दुसरा तुमच्यासोबत वाजवायला आला, तर त्यालाही विसरा."

भाऊंनी गिटार खाली ठेवली आणि बाहेर निघून गेले. राजू घड्याळ पाहू लागला. गुड्डू तिथल्या तिथं उड्या मारू लागला. घाबरला की तो व्यायाम करायचा. मी बाहेर गेले. भाऊ रस्त्यापलीकडे एका डीपीखाली उभे होते, डोळे मिटून.

"आयक बाई. नागपूरच्या डीपीचा सूर बी तोच हाय. मी खोटा नाही."

"तुमाले खोटं कोण म्हणून राहिलं, भाऊ?"

"मंग मीच कायले खाली येऊ? एवढी वर्षं ज्या सुरात गायलो..."

मला त्यांचा राग आला होता, खरं सांगायचं तर. आम्ही सगळे पहाटेच्या गाडीनं उभ्यानं आलो होतो. मी म्हटलं, "भाऊ, त्या मंडईतल्या आजीनं तुमाले सूर कोणता, असं विचारलं होतं काय? तिले शब्द समजले नव्हते. शब्द तर आता समजते. सूर इकडचा तिकडं झाला तर तिचं काय जाते?"

चूक मान्य करायची तर त्यांना काहीतरी आधार लागायचा, हे मला ठाऊक होतं. माझा राज्यशास्त्र विषय होता. मी म्हटलं, "आणि दुसरी गोष्ट. डीपी राज्याची हाय. हा त्यायचा सूर सगळ्या देशात चालते. म्हणजे तो केंद्राचा हाय."

भाऊंनी डोळे उघडले. "केंद्राचा?"

"मंग काय."

"राज्यशास्त्रात हाय काय हे?"

"सूर नाही भाऊ. पण केंद्र आणि राज्याचं भांडण झालं तर कोणाचं चालते, ते हाय."

भाऊंनी एकदा डीपीकडे पाहिलं, एकदा स्टुडिओच्या दाराकडे. मग रस्ता ओलांडताना तावातावानं म्हणाले, "असं होतं तर त्या दादानं आधीच सांगाले पाहिजे होतं ना! केंद्राचा हाय म्हणून! उगीच यंत्रं दाखवत बसला!"

त्या दिवशी ते खाली आले. खाली म्हणजे केवढं, तर कानाला कळेल न कळेल एवढं. पण भाऊंचा आवाज मोकळा झाला. ओरडायची सवय होती; त्या गाद्यांच्या खोलीत ज्याच्यावर ओरडावं असं कोणी नव्हतं. पहिलं गाणं त्यांनी मोटरीवर केलं होतं:

मोटर जळली वो बाई, पानी थांबलं बांधीत,
कोन गुंडाळन तार आता माह्या छातीत?

बासरीवाल्यांनी मधली जागा भरली. दादांनी काचेपलीकडून हात वर केला, पुन्हा घ्यायची गरज नाही म्हणून. राजूला प्रत्येक गाणं लग्नाच्या बँडसारखं धडाम करून संपवायची खोड होती. त्या दिवशी त्यानंही काठ्या अलगद ठेवल्या. दिवस मावळायच्या आत सगळी गाणी झाली.

कोणासाठी गायलं, असं आम्ही येताना विचारलं. छातीतली तार वगैरे. भाऊ म्हणाले, "मोटरीसाठी," आणि खिडकीबाहेर पाहू लागले. आम्ही पुन्हा विचारलं नाही.

अल्बमचं नाव 'बांधी', म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत. मोबाइलच्या दुकानांत गेला. वरठीची पोरं नाराज झाली. "भाऊ, आवाज बदलला ना तुमचा! गाडीवर आयकूच येत नाही आता." भाऊ म्हणाले, "मंग गाडी थांबवून आयका." काहींनी थांबवली, बहुतेकांनी नाही.

पुढच्या दिवाळीनंतर राजू सुट्टीवर आला आणि बपेऱ्याच्या मंडईत आम्ही एकदाच नवी गाणी वाजवली. दुपारची वेळ, जिलेबीच्या कढया तापलेल्या, नदीपलीकडचे पाहुणेही आलेले. भाऊंनी मोटरीचं गाणं सुरू केलं. 'मोटर जळली वो बाई' एवढं म्हणून श्वास घेतात न घेतात, तोच मागून एक शेतकरी उठून ओरडला, "जळली तर जळली! पण माही कधी देता भाऊ? रोवणा होऊन कापणी आली!"

सगळी मंडई हसली. बायका पदर तोंडाला लावून, म्हातारे गुडघ्यावर थापा मारून. दुसऱ्यानं आवाज दिला, "माही बी हाय तिथं, मागच्या उन्हाळ्यापासून!" मला वाटलं, आता भाऊ चिडतील. पण त्यांनी गिटार थांबवली, आमच्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता.

"समजलं बे! त्याले समजलं!"

मग माईकवर गेले आणि म्हणाले, "मंगळवारी या. दोघंही." आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. या वेळी बायका दुसरी ओळ त्यांच्यासोबत म्हणत होत्या.

राजू गुजरातेत परतला. गुड्डू भरती झाला. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि आता मी शाळेत शिकवते. 'धोका' पुन्हा कधी वाजला नाही. पण ठरवलं होतं ते आम्ही केलं. 'बांधी' पूर्ण झाला. त्यात आठ गाणी आहेत, सगळी आमच्या बोलीत, आणि प्रत्येक शब्द समजतो.